इंदुताईचा काटा

ब्रह्मपुरीच्या बाजाराची गर्दी जिथे संपते आणि वडशाचा रस्ता लागतो, तिथे इंदुताईचे दुकान होते. दुकान कसले, घराचीच पुढची पडवी. वर कवेलूंचे छप्पर, खाली सारवलेला ओटा आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाण्याच्या मोटरी. पाटी नव्हती आणि पाटीवाचून कोणाचे अडलेही नव्हते. वैनगंगेच्या काठाने उन्हाळी धान लावणाऱ्या गावांत मोटर जळली की लोक म्हणत, "इंदुताईकडे भराले टाक." मोटर भरायची म्हणजे आतली जळलेली तांब्याची तार काढून टाकायची आणि तिच्या जागी नवी गुंडाळून बसवायची. हे काम करणारी बाई त्या मुलखात दुसरी कोणी नव्हती.

काम तिला नवऱ्याने शिकवले. गुणवंतराव आधी स्वतःच हे दुकान चालवत. मग त्यांना चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात नोकरी लागली, राहायला क्वार्टर मिळाले. सगळ्यांनी धरून चालले की आता इंदुताई कुलूप घालून नवऱ्यामागे जाणार. पण भिंतीला सात-आठ मोटरी टेकलेल्या होत्या, लोकांची धानाची रोपे पाण्यासाठी थांबलेली होती. "एवढ्या करते अन् येते," असे ती म्हणाली. त्या झाल्या तर दुसऱ्या आल्या. अशी वर्षे गेली. सासू धुरपताबाई तिच्यासोबत राहिली. गुणवंतराव सणावाराला येत, बायकोने गुंडाळलेल्या कॉइलवरून बोट फिरवत आणि काही न बोलता मान डोलवत. त्या मान डोलावण्यावर इंदुताईचे पुढचे चार महिने निघत.

दुकानाची एक रीत होती आणि ती इंदुताईने स्वतः घातली होती. मोटर आली की ती सांगायची नाही, दाखवायची. नवऱ्याने मागे ठेवलेला हातात मावेल एवढा काळा मीटर ती मालकासमोर ठेवी. त्याला दोन वायरी, एक लाल, एक काळी, टोकाला पितळेच्या पिना. त्या पिना ती मालकाच्याच हातात देई. "लावा भाऊ, इथी एक अन् इथी एक. काच पाह्यत राहा." आतली तार सलग असली की मीटरचा काटा झटकन उजवीकडे जाई. तुटलेली असली की डावीकडे पडून राही. मालकाने आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि "खोला" म्हटल्याशिवाय इंदुताई मोटरच्या नटाला पाना लावत नसे.

बाई माणूस तांब्याचा व्यवहार करते म्हटल्यावर संशय घेणारे पुष्कळ. त्यात बौद्धाचे घर. काही जण ओट्यावर बसत, पण पाणी पुढे केले की "आत्ताच घेऊन आलो" म्हणत. इंदुताई आग्रह करत नसे. पण त्याच माणसांनी त्याच पिना हातात धरल्या, मान वाकवून काच पाहिली आणि काट्याचे म्हणणे मानले, हे ती रोज पाहत होती. तिला ते पुरे होते. तिचा शब्द कोणी मानो न मानो, तिचा काटा सगळा मुलूख मानत होता.

आणि तोच काटा शहाऐंशी सालच्या पौषात फिरला.

त्या वर्षी थंडी कडक होती. सकाळी उन्हे वर आली तरी लोकांच्या तोंडातून वाफ निघे. अशाच एका सकाळी नदीकाठच्या गावचा लहानू आपली मोटर बैलबंडीत घालून घेऊन आला. लहानू म्हणजे मोठा शेतकरी नव्हे, पण तोंडाने मोठा. तो बोलला की गाव ऐकत असे.

"चालू होत नाई बाई. बटन दाबलं का गप्प. पाह्य बरं लवकर, रोपं सुकून राह्यली."

लाइन गेलेली होती, म्हणजे मोटर चालवून पाहण्याचा प्रश्न नव्हता. इंदुताईने मीटर काढला. दोन्ही पिना एकमेकींना लावल्या, काटा उजवीकडे गेला. ठीक. मग तिने मधला गोल खटका मोजणीच्या मोठ्या घरावरून लहान घरावर फिरवला, कारण मोटरची तार जाड असते, तिला लहान घरावर मोजावे लागते. आणि पिना लहानूच्या हातात दिल्या.

काटा हलला नाही.

दुसरी जोडी लावली. नाही. तिसरी. नाही.

"गेली भाऊ."

"किती?"

"तिन्ही."

लहानूचे तोंड उतरले. इंदुताईला तेव्हा एक गोष्ट खटकली होती. जळलेल्या मोटरला वास येतो. वॉर्निश जळल्याचा, नाकात बसणारा वास. या मोटरला तेलामातीशिवाय कसलाच वास नव्हता. आणि तिन्ही वाइंडिंग, म्हणजे तारेच्या तिन्ही गुंडाळ्या, एकदम तुटलेल्या अशा मोटरी कितीशा येतात? पण काटा समोर पडलेला होता, लहानूने स्वतः पाहिलेला होता, आणि हा काटा आजवर कधी फसला नव्हता. नाकापेक्षा तिने काट्याचे ऐकले.

"घरी इचारून सांगतो," म्हणून लहानूने मोटर परत बंडीत घातली.

बाजाराच्या दिवशी तो आला तो ओट्यावर चढलाच नाही. रस्त्यावर उभा राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असा बोलू लागला.

"वडशाले नेली मोटर! तिथल्या मिस्त्रीनं वायर लावली अन् भर्रकन सुरू! स्टार्टरची तार निसटली होती म्हणे, मोटरले ढेकूणही चावला नव्हता. अन् ही बाई म्हणे तिन्ही गेल्या! काऊन वो इंदुताई, माह्या मोटरचं तांबं गोड लागत होतं का तुले?"

रस्त्यावरचे दोघे-तिघे हसले.

"भाऊ, काटा तुम्हीच पाह्यला," इंदुताई म्हणाली.

"पाह्यला ना! म्हणूनच सांगून राह्यलो. इंदुताईचा काटा खोटा!"

काटा खोटा. म्हणायला सोपे, लक्षात राहायला त्याहून सोपे. संध्याकाळपर्यंत भाजीवाल्या बायकांनीही ते ऐकले. दुसऱ्या दिवशी दोन जण आले आणि भरायला टाकलेल्या मोटरी न भरताच घेऊन गेले. एकाने तर जाता जाता आपल्या मोटरची तार कापलेली तर नाही ना, म्हणून वाकून पाहिले. इंदुताईला चोर म्हटले असते तर ती भांडली असती. असे वाकून पाहण्याला काय उत्तर द्यायचे?

बातमी ऊर्जानगरलाही पोचली. चंद्रपूरच्या एसटीचा कंडक्टर गुणवंतरावांच्या ओळखीचा होता. त्याने बस थांबवून खिडकीतूनच निरोप दिला, "गुणवंतराव म्हणतात, आता पुरं झालं. नाव खराब करून घेण्यात काय आहे. होळीआधी दुकान आवरा अन् क्वार्टरले या."

निरोपात राग नव्हता. काळजीच होती. पण इंदुताईला तो निरोप लहानूच्या बोलण्याहून जास्त लागला. दुकान बंद करायला तिची ना नव्हती. कधीतरी करायचेच होते. पण मोटरी संपल्या म्हणून बंद करणे वेगळे आणि काटा खोटा निघाला म्हणून बंद करणे वेगळे. तशी ती ऊर्जानगरला गेली असती, तर तिथल्या पक्क्या घरात जन्मभर खोटी म्हणूनच बसली असती.

तिने दुपारी मीटर घेतला, घरातली प्रत्येक कॉइल मोजली. काटा हरणासारखा पळत होता. एकही चूक नाही.

"काय झालं गा तुले?" ती मीटरलाच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवण्याआधी तिने पुन्हा मोजून पाहिले. मोठ्या घरावर ठीक. खटका लहान घरावर आणला, पिनेला पिन लावली, आणि काटा पडलेलाच राहिला. खटका तीन-चारदा मागेपुढे केला तेव्हा काटा थरथरत वर आला, परत पडला. तिने सेल बदलले. तेच. वायरी बदलल्या. तेच. उन्ह वर आले तसा मीटर हळूहळू शहाणा झाला, दुपारी पुन्हा कालच्यासारखा पळू लागला.

तेव्हा तिला दोन गोष्टी कळल्या. एक, की दोष खटक्यात आहे. आणि दुसरी, जी जास्त लागली. त्या दिवशी खटका फिरवल्यावर पिनेला पिन लावून पाहायचे तिच्याकडून राहून गेले होते. मोठ्या घरावर पाहिले, लहान घरावर पाहिले नाही. मीटरवर इतका भरवसा की त्याला विचारायचेच ती विसरली. लहानू तोंडाळ होता, पण खोटा नव्हता.

पण सकाळी बिघडणारा आणि दुपारी सुधारणारा खटका तिने कधी ऐकलाही नव्हता.

दुपारी तिने ओट्यावर पांढरे धुतलेले फडके पसरले. मीटरचे सेल काढले, पाठीचे स्क्रू काढले. खटक्याचे बटण उचलताना तळहात खाली धरला, कारण त्याच्या आत एक बारीक छर्रा आणि स्प्रिंग असते. ती उडाली की सापडत नाही. छर्रा हातात आला. मग तिने आतली चकती उलटी केली. चकतीखाली पितळेची पाती, आणि पातीच्या पायांखाली पितळेचे गोल, ओळीने बसवलेले ठिपके. खटका फिरला की पाती एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाते आणि वीज तिथून वाट काढते.

ठिपके काळे पडले होते. ते जुन्या मीटरचे होतेच. पण त्यावर काहीतरी चकाकत होते. तिने बोट लावले, बोट निसटले. नाकाशी नेले.

तिने तो वास ओळखला. त्या भागात कोण ओळखणार नाही? टोरीचे तेल. मोहाच्या बियांचे. दिव्याला तेच, टाचांच्या भेगांना तेच, बंडीच्या आसाला तेच. आणि घरोघरी माहीत असलेली गोष्ट ही की पौष-माघात ते सकाळी तुपासारखे थिजते, उन्हात ठेवले की पुन्हा पातळ होते.

इंदुताईने बोट फडक्याला पुसले. मग तिने अंगणाकडे पाहून हाक मारली.

"माय, जरा इकडं ये."

धुरपताबाई सुपात धान पाखडत होती. ती सूप घेऊनच आली.

"मीटरच्या खटक्यात तेल कोणं टाकलं?"

"मी टाकलं," धुरपताबाई म्हणाली. जरासुद्धा न अडखळता. "काऊन?"

"कधी?"

"दिवाळीच्या मागं. कचकच वाजत होता तो. तू फिरवली का बोट दाबत होती. मी पाह्यलं ना! कोंबडीचं पीस घेतलं, वरच्या फटीतून चांगलं सोडलं. तवापासून कसा गुळगुळीत फिरते, नाई का?"

आणि ते खरेच होते. खटका दिवाळीपासून गुळगुळीत फिरत होता आणि इंदुताईने त्याचे कारण एकदाही मनाला विचारले नव्हते.

"माय, तेल बंडीले लागते. इथून वीज जाते. सकाळी हे थिजते, पाती त्याच्यावर बसते, पितळेले पितळ लागतच नाई."

धुरपताबाईचे सूप थांबले. तिने फडक्यावर पसरलेले बारीक तुकडे पाहिले, मग रस्त्याकडे पाहिले, जिथे उभे राहून लहानू ओरडला होता.

"म्हणजे तो मेला बोंबलला ते माह्यामुळं?"

"माह्यामुळं. टोकाले टोक लावून मी पाह्यलं नाई."

"तू राहू दे," सासू म्हणाली. "तेल माहं होतं." आणि ती सूप खाली ठेवून फडक्याजवळ ऐसपैस बसली. "आता काढू कसं ते सांग."

दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून आणलेले स्पिरिट घरात होते. इंदुताईने कापडाची बारीक वात करून स्पिरिटात बुडवली आणि ठिपक्यावर फिरवली. तेल निघाले नाही, नुसते पसरले. तिने दुसरी वात घेतली. तेच. थिनर चालला नसता, त्याने मीटरचे प्लास्टिकच विरघळले असते.

धुरपताबाई बघत होती. "असं जनमात निघणार नाई," ती म्हणाली. "टोरी रॉकेलले भेते. चिमणी कशानं पुसते मी?"

"रॉकेलचा थर राह्यते, माय."

"राहू दे. तो मग तुह्या त्या दवाईनं पूस."

इंदुताईने क्षणभर विचार केला. सासूचे म्हणणे बरोबर होते. आधी रॉकेलने टोरी काढायची, मग स्पिरिटाने रॉकेल काढायचे. तसेच केले. वाती काळ्या होत गेल्या, धुरपताबाई नव्या वळून देत गेली, अगदी दिव्याच्या वातीसारख्या, घट्ट, एकही धागा सुटू न देता. शेवटच्या वातीला वास उरला नाही तेव्हा दोघींनी आळीपाळीने नाक लावून खात्री केली.

मग काळेपणा. पॉलिशकागद घेतला असता तर एका घासात चमक आली असती, पण ठिपक्यांवरचा बारीक मुलामाही निघून गेला असता आणि महिन्याभरात ते पुन्हा काळे पडले असते. गुणवंतरावांनी हे तिला कधीच सांगून ठेवले होते. तिने पेन्सिलचे खोडरबर घेतले, ब्लेडने त्याची धारदार चीप कापली आणि एकेक ठिपका हळूहळू घासला. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरे खोडून खोडून त्या रबराचा अर्धा भाग संपला होता. उरलेला आता इथे कामी आला. ठिपके एकेक करून उजळले, पावसानंतर धुतल्या पानासारखे.

पातीचा एक पाय चपटा झाला होता. लहान घराचाच. टाचणीने तिने तो उचलला, केसभर. जास्त उचलला तर पाती मोडते, कमी उचलला तर टेकत नाही. तिने श्वास धरून उचलला, डोळ्याशी नेऊन दुसऱ्या पायाशी जुळवला, पुन्हा केसभर उचलला. मग छर्रा, स्प्रिंग, बटण. स्क्रू.

खटका फिरवला. कच्च. कच्च. कच्च.

"झाला पुन्हा कचकच्या," धुरपताबाई नाराजीने म्हणाली.

"असाच पाह्यजे, माय."

पण दुपारी चालणारा मीटर काही सिद्ध करत नव्हता. संध्याकाळी इंदुताईने तो फडक्यात गुंडाळून अंगणातल्या रांजणावर ठेवला, उघड्या थंडीत. सकाळी हाताला मीटर बर्फासारखा लागला. तिने प्रत्येक घरावर खटका आणला आणि प्रत्येक घरावर पिनेला पिन लावली. काटा दर वेळी झटक्यात उजवीकडे गेला. एकदाही थरथरला नाही. तिने खटका उलटा फिरवला, सुलटा फिरवला, मुद्दाम अर्धवट दाबला. काटा बधत नव्हता.

ती उठली, लुगडे नीट केले, मीटर पिशवीत टाकला.

"कुठी निघाली?" सासूने विचारले.

"लहानूभाऊच्या गावाले. थंडी आहे तवरच जाले पाह्यजे."

"थांब. मीही येते."

नदीकाठचे ते गाव कोसभरावर होते. शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने दोघी चालत गेल्या. दवाने पाय भिजले. गावच्या चौकात शेकोटी पेटलेली होती आणि गाव तिच्याभोवती घोंगड्या घेऊन बसले होते. लहानू मधोमध होता. त्याच्या बाजूला त्याचा चुलतभाऊ सोमाजी, आणि सोमाजीची मोटर बंडीत चढवलेली. तीही बंद पडली होती आणि आज वडशाला निघाली होती.

इंदुताईला पाहून बोलणे थांबले.

"या," लहानू म्हणाला. "तांबं न्याले आल्या का?"

कोणीतरी हसले. इंदुताई शेकोटीच्या अलीकडेच उभी राहिली.

"लहानूभाऊ, तुमची मोटर चांगली होती. मी चुकली. मीटरचा खटका बिघडला होता अन् मी तो तपासला नाई. हे सांगाले आली. तुम्ही बाजारात बोलले, म्हणून मी इथी चौकात सांगून राह्यली."

लहानूला हे अपेक्षित नव्हते. भांडायला आलेल्या माणसाशी कसे बोलायचे ते त्याला ठाऊक होते. हे वेगळेच निघाले. तो शेकोटीत काडी सारत राहिला.

"खटक्यात तेल मी टाकलं होतं," धुरपताबाई मागून खणखणीत म्हणाली. "टोरीचं. कोणाले काही बोलायचं असन तर मले बोला."

"टोरीचं?" एक म्हातारा पुढे झुकला. "मग तं थिजलं असन."

"थिजलंच ना!"

शेकोटीभोवती सगळ्यांना एकदम उलगडा झाला. विजेचे कोणाला काही कळत नव्हते, पण टोरीचे तेल सगळ्यांनाच कळत होते. एक जण म्हणाला, त्याच्या बंडीचे चाकही सकाळी असेच रुसते. दुसऱ्याने त्याला गप्प केले.

"अन् आता?" सोमाजीने विचारले. "आता बरा झाला का काटा?"

"तुम्हीच पाहा. सकाळ आहे, थंडी आहे." तिने मीटर बंडीच्या कडेला ठेवला. खटका लहान घरावर आणला. पिना लहानूपुढे धरल्या. "लहानूभाऊ, तुम्हीच लावा. सोमाजीभाऊच्या मोटरले."

लहानू उठला. घोंगडी खांद्यावरून सरकू दिली. पिना घेतल्या, मोटरच्या दोन तारांना लावल्या. सगळे गाव बंडीभोवती वाकले.

काटा हलला नाही.

"घ्या!" मागून कोणीतरी म्हणाले. "पुन्हा तेच!"

हसू फुटले. लहानूने इंदुताईकडे पाहिले. त्याच्या नजरेत जिंकल्याचा आनंद नव्हता, जरा कीवच होती. इंदुताईच्या मात्र नाकाला तोवर तो वास लागला होता, वॉर्निश जळल्याचा, मोटरच्या तोंडातून येणारा. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. नाकाचे सांगून उपयोग नव्हता. काट्यानेच सांगायला हवे होते.

"भाऊ, पिनेले पिन लावा."

लहानूने लावली. काटा झेप घेऊन उजवीकडे गेला, थेट शेवटच्या रेघेवर.

हसू थांबले.

"पुन्हा मोटरले लावा."

लावली. काटा डावीकडे मेल्यासारखा.

"पुन्हा पिनेले पिन."

काटा उजवीकडे.

लहानूने आता तिच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. दुसरी जोडी लावली. काटा हलला नाही. तिसरी. हलला नाही. प्रत्येक वेळी तो मध्ये पिनेला पिन लावून पाहत होता आणि प्रत्येक वेळी काटा जिवंत होता. मग तो पिना आणि मीटर हातात घेऊन आपल्या अंगणात गेला. त्याची स्वतःची मोटर, वडशाहून आलेली, तिथे खाटेखाली होती, चोरीच्या भीतीने रात्री घरी आणलेली, आता पुन्हा नदीवर न्यायची. गाव त्याच्यामागे गेले. इंदुताई जागची हलली नाही. कुंपणापलीकडून तिला फक्त लोकांच्या पाठी दिसत होत्या. मग तिथून एकदम "आहा!" असा आवाज आला, शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडी पुढे निघाली की येतो तसा. मग पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा.

लहानू परत आला तेव्हा मीटर त्याने दोन्ही हातांत धरला होता.

"माही चांगली आहे," तो म्हणाला. "तिन्ही जागी काटा पयते." मग चुलतभावाकडे वळला. "तुही गेली गा, सोमाजी. तिन्ही जागी गेली."

"आता काय करू? वडशाले नेऊ?"

"वडशाले कशाले?" लहानू खेकसला. "इथी पाह्यली ना आपल्या डोयानं! नाक आहे का नाई तुले? जळका वास येऊन राह्यला, अन् वडशा म्हणते!"

इंदुताईने मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून.

"मग खोला म्हणू का, बाई?" सोमाजीने विचारले.

"मोटर तुमची, भाऊ. तुम्ही म्हणान तं."

"खोला मंग."

बंडी ब्रह्मपुरीच्या रस्त्याला लागली. लहानू स्वतः हाकायला बसला. मोटरीच्या एका बाजूला सोमाजी, दुसऱ्या बाजूला इंदुताई मीटर मांडीवर घेऊन. धुरपताबाई मागे पाय सोडून बसली होती आणि धुऱ्यावर भेटेल त्याला हाक मारून सांगत होती, "काटा एकदम खरा आहे, पाह्यलं आमच्या लहानूनं!" लहानू आमचा कधी झाला, हे लहानूलाही कळले नसावे. तो पुढे पाहून बैल हाकत होता. वर आलेल्या उन्हाने शेतातल्या बांधीतले पाणी चमकत होते. इंदुताईला वाटले, आज आपण बाजारातून जाताना मान खाली घालायची नाही, आणि वरही करायची नाही. रोज जातो तसेच जायचे.

बाजाराच्या तोंडाशी आल्यावर लहानूने बैल जरा हळू केले. मान न वळवता तो म्हणाला, "होळीच्या आधी ऊर्जानगरले जाऊन राह्यल्या म्हणे तुम्ही."

"कोण म्हणते?"

"बाजारात म्हणत होते."

"बाजारात तं माहा काटा खोटाही म्हणत होते," इंदुताई म्हणाली.

 लहानूने बैलाची शेपटी पिरगाळली आणि बंडी भर बाजारातून नेली.